आत्याचा दोरा

१

रीळ जळेना, तेव्हा सगळ्यांची तोंडं उतरली.

एरवी एखादी गोष्ट न जळणं हे चांगलंच. पण त्या सकाळी दहा वाजता संस्थेच्या मागच्या अंगणात सहा माणसं एका स्टीलच्या ताटलीभोवती उभी होती आणि ताटलीतला फिल्मचा नखाएवढा तुकडा भडकावा म्हणून वाट बघत होती. लॅबवाल्याने लायटर धरला. तुकडा आक्रसला, काळा झाला आणि घाणेरडा धूर सोडून विझला. ज्याच्या हाताला जे लागलं, रुमाल, बाही, ते त्याने नाकाला लावलं. आत्या तेवढी ताटलीवर वाकून तशीच उभी राहिली.

“हे नायट्रेट नाही,” लॅबवाला खोकत म्हणाला. “जुन्या सिनेमांची फिल्म नायट्रेटची, ती भप्पकन पेटली असती. ही साधी, नंतरच्या काळातली फिल्म आहे. तुमचं रीळ कुणीतरी बदललंय.”

किल्ली ताटलीपासून एक पाऊल मागे सरली. फिल्मच्या कोठाराची जबाबदारी तिच्यावर होती. कमरेला सदा किल्ल्यांचा जुडगा, म्हणून सगळे तिला किल्लीच म्हणत. घरी आत्याही तेच म्हणे.

संस्था तशी छोटी. ज्या सिनेमांना बाहेर कुणी विचारत नाही ते सिनेमे मिळवायचे, जपायचे, ऐंशी खुर्च्यांच्या थिएटरात दाखवायचे आणि शाळाशाळांत जाऊन मुलांना सिनेमा कसा बघायचा ते शिकवायचं, एवढाच उद्योग. पण तिच्या थंड कपाटात एक वस्तू अशी होती की जिच्यासाठी परगावचे लोक पत्रं लिहीत. नव्वद वर्षांपूर्वीच्या एका मूकपटाचं उरलेलं एकमेव रीळ. संस्थेत त्याला ‘एकुलतं’ म्हणत. आज ते लॅबमध्ये जायचं होतं, त्याची नवी प्रत निघायची होती. लॅबवाल्याने डबा उघडला, वरचा कोरा पारदर्शक पट्टा उलगडला, त्याच्या पुढच्या काळ्या फिल्मचा तुकडा कापला आणि नेहमीप्रमाणे जाळून बघितला.

सकाळपासून दिवसाचं काही खरं नव्हतंच. घरी दूध करपलं. आत्या शेगडीशेजारीच भाजी निवडत बसली होती, तरी करपलं. शेवटी चिंगी न्हाणीघरातून ओरडली, “आई, जळतंय!” चिंगी म्हणजे किल्लीची आठ वर्षांची लेक. तिचं आज जमिनीवर पाऊल नव्हतं. बारा वाजता संस्थेचे मास्तर तिच्या शाळेत खरा सिनेमा दाखवणार होते, पेटीतल्या यंत्रावर, खऱ्या फिल्मवर. आई संस्थेतली, म्हणून यंत्राला लागून बसायचा मान तिने आठवडाभर आधीच मिळवला होता.

“पोलिसांना बोलावते,” मॅडम म्हणाल्या. संस्थेच्या संचालिका त्या, आवाज कधी चढत नसे. आताही चढला नाही, फक्त नजर किल्लीच्या कमरेवर गेली. “कपाटाच्या चाव्या दोनच. एक माझ्याकडे आणि एक हिच्याकडे.”

२

“पोलीस येईपर्यंत या डब्याला कुणी हात लावायचा नाही,” मॅडमनी सांगितलं आणि करडा डबा ऑफिसातल्या टेबलावर ठेवून दार ओढून घेतलं.

किल्लीला चोरीपेक्षा दुसऱ्याच गोष्टीने घाम फुटला होता. नायट्रेटची फिल्म पेटली की पाण्यानेही विझत नाही, पाण्याखालीसुद्धा जळत राहते. धूर इतका विषारी की आग पोचायच्या आधी तोच माणूस संपवतो. आणि एकुलत्यासारखी जुनी, कुजायला लागलेली फिल्म असली तर तिला काडीही लावायला लागत नाही. उन्हात उभी केलेली गाडी पुरते. बाहेर ऊन असं चढलं होतं की कठड्याला हात टेकवत नव्हता. आणि एकुलतं कुठेतरी होतं. कुणाच्या तरी डिकीत, माळ्यावर नाहीतर पलंगाखाली.

तिने हे सगळ्यांसमोर बोलून दाखवलं. “कुणी घेतलं असेल तर आत्ता सांगा. रागावणार नाही कुणी. फक्त ते सावलीत आणा, नाहीतर माणसं मरतील.”

कुणी बोललं नाही. ऑपरेटरकाका टक्कल पुसत राहिले. मूकपट काढणाऱ्या दिग्दर्शकाचा नातू, सकाळी आजोबांच्या रिळाला निरोप द्यायला आला होता, तो खाली बघत होता. मॅडमनी सगळ्यांच्या गाड्यांच्या डिक्या उघडायला लावल्या, स्वतःची आधी. एका डिकीत छत्री निघाली, दुसरीत चपलांचा जोड. काकांची तर स्कूटर, तिच्या डिकीत त्यांचा जेवणाचा डबा.

मास्तरांचं नाव कुणी घेतलंच नाही. शाळेचं सामान घेऊन ते काल पाच वाजताच गेले होते आणि करडा डबा कपाटात गेला साडेपाचला.

“आणि दोऱ्याचं काय?” लॅबवाल्याने विचारलं. “डबा उघडताना मीच कापला. तोवर शाबूत होता.”

यावर सगळेच आत्याकडे बघायला लागले. आत्या म्हणजे किल्लीच्या वडिलांची बहीण. चाळीस वर्षं स्टुडिओत फिल्मचे जोड लावण्यात गेली, निवृत्त झाल्यावर संस्थेत रिळं तपासायला येऊ लागली. डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, पण बोटं आणि नाक अशी की डबा नुसता हुंगून ती रीळ कोणत्या काळातलं, किती कुजलेलं ते सांगे. तपासलेल्या डब्याला ती पांढरा सुती दोरा बांधायची. तिची गाठ डावखुरी आणि तिची तिलाच जमणारी. बाकीच्यांनी प्रयत्न करून नाद सोडून दिला होता. एकदा आत्याचा दोरा बसला की डबा कुणी उघडायचा नाही, थेट सिनेमा दाखवायच्या वेळीच. संस्थेत कुलपापेक्षा त्या दोऱ्यावर जास्त भरवसा होता.

आत्याने कापलेल्या दोऱ्यावरची गाठ बोटांनी चाचपली. एकदा, दोनदा, तीनदा.

“गाठ माझीच आहे,” आत्या म्हणाली. “पोलिसांना तासाभराने बोलवा, मॅडम. तोवर मला तिघांशी बोलू द्या.”

घड्याळात साडेदहा झाले होते.

३

आत्या आपल्या तपासणीच्या खोलीत बसली. लांब टेबल, दोन टोकांना रीळ गुंडाळायचे हात, मधे काच आणि काचेखाली दिवा. किल्ली दाराशी उभी राहिली. तिला एका जागी राहवत नव्हतं. खिडकीबाहेर जरा काही तडतडलं की ती वळून बघत होती.

मॅडम पहिल्या आल्या. खुर्चीच्या कडेवर बसल्या.

“रीळ लॅबला द्यायला तुमचा विरोध होता,” आत्याने सरळच सुरुवात केली.

“होता. अजून आहे. एकुलतं गेलं की आपल्याकडे काय उरतं? ऐंशी खुर्च्या, त्यातल्या अकरा मोडक्या.” मॅडम कसनुसं हसल्या. “पण आत्या, मी चोरेन कशी? तुमचा दोरा सोडायचा म्हणजे पुन्हा बांधायला हवा. मला बुटाची नाडी नीट बांधता येत नाही.”

“काल संध्याकाळी या खोलीत आला होता?”

“नाही. चारपासून सहापर्यंत शिक्षकांची बैठक होती. तीस जण साक्षीला आहेत आणि तिसांपैकी निम्मे झोपले होते.”

मॅडम गेल्या आणि ऑपरेटरकाका आले. तीस वर्षं प्रोजेक्टरच्या काचेमागे काढलेला माणूस. त्यांना मोकळ्या खोलीत हात कुठे ठेवावेत ते कळत नसे.

“माझ्यावर संशय असेल तर बोला सरळ,” ते म्हणाले. “शाळेत फिल्म पाठवायलाच माझा विरोध आहे. खड्ड्यांतून आपटत जाते बिचारी. पण एकुलत्याला मी हातसुद्धा लावत नाही. भीती वाटते. एकदा तरुणपणी एक जुनं रीळ पेटलेलं बघितलंय मी. शेजारच्या थिएटरात. तिथला ऑपरेटर गेला त्यात, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान.” त्यांनी हात पाठीमागे घेतले. “नंतर त्याच्या आईला भेटायला गेलो, तर बोलता येईना.”

किल्लीने दाराची चौकट घट्ट धरली.

“काल तुम्ही काय काय उचललंत?” आत्याने विचारलं.

“शाळेचा निळा डबा. तुम्ही दोरा बांधून उजवीकडच्या फळीवर ठेवला होता, तो पाच वाजता मास्तरांच्या गाडीत ठेवला. मास्तर काही उचलत नाहीत, ते बोलतात. गाडीत बसेपर्यंत सिनेमाचा इतिहास सांगत होते मला! मला! जिना उतरताना डब्याला कसला तरी वास येत होता, म्हटलं मास्तरांनी काय गोळ्याबिळ्या टाकल्यात की काय…”

“किल्ली!” बाहेरून मॅडमची हाक आली. “नातू पळतोय! फाटकाकडे!”

४

नातू पळत नव्हता, भराभरा चालत होता एवढंच. पण किल्लीने त्याला फाटकात गाठलं तेव्हा तो घामाने निथळत होता. पंचविशीतला, इस्त्रीचा शर्ट, आणि चेहरा मार खायची वाट बघणाऱ्या मुलाचा.

“मी चोर नाही,” तो म्हणाला. “पण तुम्हाला ते पटणार नाही. गेल्या वर्षी मीच अर्ज केला होता, रीळ आमच्या घरचं आहे, परत द्या म्हणून.”

“आत या,” आत्या त्याच्याशी फार हळू बोलली. “काल तुम्ही या खोलीत आला होता. हो ना?”

तो खुर्चीत बसला. मग सगळं एकदम बाहेर पडलं. काल साडेचारला तो आला तेव्हा खोलीत कुणी नव्हतं. आत्या डोळ्यांत औषध घालून घ्यायला शेजारच्या खोलीत गेली होती. टेबलावर दोन रिळं उघडी होती. एक डाव्या टोकाला, एक उजव्या. आजोबांना त्याने कधी पाहिलं नव्हतं, त्यांच्या हातची ही एकच गोष्ट जगात उरली होती आणि उद्यापासून ती कुठल्या तरी लॅबमध्ये असणार होती. त्याला फक्त एकदा हातात धरायचं होतं.

“कुठलं आजोबांचं ते कळेना. म्हणून दोन्ही उचलली. खिडकीशी नेली, उजेडाला धरून बघणार होतो. तेवढ्यात पावलं वाजली. घाबरून दोन्ही टेबलावर परत ठेवली आणि मागच्या दाराने निघालो. फिल्म नेली नाही हो मी. फक्त हात लावला.” त्याने खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं. “हाताचा वाससुद्धा जाईना रात्रभर. रुमालाला लागलाय तो अजून तसाच आहे. बघा ना.”

त्याने रुमाल पुढे केला. आत्याने तो घेतला, नाकाशी नेला, क्षणभर तसाच धरला.

“धुतलेला दिसतोय,” ती म्हणाली आणि परत दिला.

किल्ली दाराशी होती, चांगली दोन हात लांब. तरी तिथवर तिला वास आला. स्वच्छ, थंडगार, जुन्या कपड्यांच्या पेटीत असतो तसा कापराचा वास. नायट्रेटच्या फिल्ममध्ये कापूर असतो, हे तिला आत्यानेच शिकवलं होतं. ती तेव्हा चिंगीएवढी होती. आत्या डब्याचं झाकण उघडून म्हणायची, “हुंग बरं. कापूर आला तर लांब उभं राहायचं. आंबट आला तर साधी म्हातारी फिल्म, घाबरायचं नाही.”

करपलेलं दूध. ताटलीतला धूर. आणि आता हा रुमाल.

किल्ली मागे वळली आणि पळतच ऑपरेटरकाकांकडे गेली. ते जिन्याच्या पायरीवर बसले होते.

“काका, निळ्या डब्याला वास येत होता म्हणालात. कसला?”

“कापराचा,” काका म्हणाले. “का गं?”

५

भिंतीवरच्या घड्याळात अकरा चाळीस झाले होते. किल्लीने खोलीत शिरून दार लावलं. नातू बावरून दोघींकडे बघत राहिला.

“आत्या, तुला वास येत नाही ना?”

आत्याचे हात टेबलाच्या कडेवर होते. ते तसेच राहिले.

“थंडीत ताप आला होता तेव्हापासून,” ती म्हणाली. “आधी वाटलं, येईल परत. मग वाटलं, कुणाला कशाला सांगा.”

“निळ्या डब्याला कापराचा वास होता. काका सांगतायत.”

आत्याने डोळे मिटले. मग ती बोलायला लागली, भराभर, एकही शब्द न अडखळता. हे सगळं तिने कधीच मनाशी मांडून ठेवलं होतं, ते किल्लीला ऐकता ऐकता कळलं.

“गाठ माझी होती, सुटलेली नव्हती. म्हणजे दोरा बांधल्यावर कुणी रीळ बदललेलं नाही. बांधायच्या आधीच डब्यात चुकीचं रीळ होतं, आणि डबा भरला मी. दुसरं. जळेल, माणसं मरतील हे ऐकूनही कुणी तोंड उघडलं नाही. इथे इतकं निर्दय कुणी नाही. म्हणजे ज्याच्याकडे आहे, त्याला ते आपल्याकडे आहे हेच माहीत नाही. आणि काल टेबलावर दोनच रिळं होती. डावीकडे एकुलतं, उजवीकडे शाळेची कासवाची गोष्ट. या पोराने उचलून ठेवताना त्यांची अदलाबदल झाली. मी परत आले तेव्हा डोळ्यांत औषध, समोर सगळं धुकं. एरवी नाकाने ओळखलं असतं. काल जागेवर विसंबले. डावीकडचं करड्या डब्यात घातलं, उजवीकडच्याला शाळेचा लांब कोरा पट्टा जोडून ते निळ्यात. वर दोरा बांधला.”

“निळा डबा,” किल्ली म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

“तो करडा डबा उघड. मॅडम काही म्हणू देत. कोऱ्या पट्ट्याच्या पुढे उलगड आणि उजेडाला धर. कासव दिसलं तर पळ.”

किल्लीने ऑफिसचं दार लोटलं, झाकण उपसलं, फिल्म वावभर ओढली, अजून वावभर ओढली. काळी, काळी, काळी. मग खिडकीच्या उजेडात एक छोटी चौकट, तिच्या खाली दुसरी, आणि प्रत्येकीत पाठीवर नक्षी असलेलं, मान वर केलेलं कासव.

मॅडम दारात उभ्या होत्या. त्यांनी ते बघितलं आणि काही न विचारता फोन उचलला. मास्तर कार्यक्रमाच्या वेळी फोन बंदच ठेवत. शाळेचा नंबर लागेना, सारखा गुंतलेला. “अग्निशमनवाल्यांना मी सांगते,” त्या म्हणाल्या. “तू थांबू नकोस.”

काकांनी स्कूटर आधीच चालू केली होती. पाच मिनिटांचा रस्ता. किल्लीला वाटेतलं काही आठवत नाही. तिला फक्त यंत्राच्या पोटातला दिवा दिसत होता, आतल्या खिडकीतून सरकणारी फिल्म जरा जरी अडकली तरी एका दमात भाजून काढणारा. आणि त्या यंत्राला लागून मानाने बसलेली चिंगी.

६

चित्रकलेच्या वर्गाच्या सगळ्या खिडक्यांना काळा कागद लावलेला होता आणि दार आतून ओढलेलं. आतून मास्तरांचा आवाज येत होता. मास्तरांच्या भाषणाला संस्थेत सगळे हसत. आयुष्यात पहिल्यांदाच किल्लीला ते भाषण संपू नये असं वाटलं.

तिने दाराला हात लावला आणि भाषण संपलं.

“तर मुलांनो,” मास्तर म्हणाले, “आता बोलणं पुरे.”

खट् आवाज झाला. यंत्राची घरघर सुरू झाली.

दार उघडलं तेव्हा समोरच्या भिंतीवर पांढराशुभ्र चौकोन पडला होता. पन्नास-साठ मुलं जमिनीवर दाटीवाटीने बसली होती, एकमेकांना ढकलत, खिदळत. चित्र अजून आलं नव्हतं. शाळेच्या रिळाला आत्या मुद्दाम लांब कोरा पट्टा लावायची. मुलं गप्प व्हायला वीस सेकंद तरी लागतातच, असं तिचं म्हणणं. तेवढा वेळ नुसता उजेड. मग त्याच्या मागून खरी फिल्म.

किल्लीला किंचाळावंसं वाटत होतं. किंचाळली असती तर साठ मुलं एका दाराकडे धावली असती. ती किंचाळली नाही. ती भिंतीकडेने चालत निघाली. कुणाच्या तरी बोटांवर पाय पडला, “आई गं!” असं कुणीतरी ओरडलं. वायर कुठून गेली आहे? मनात आकडे चालले होते. नऊ. दहा. खुर्चीखालून, कपाटाच्या मागून. चौदा. यंत्राच्या भोकांतून येणाऱ्या उजेडात तिला चिंगीचा चेहरा दिसला, तोंड उघडं, हात मांडीवर घट्ट, यंत्राकडे नव्हे तर भिंतीकडे बघणारा. सतरा. प्लग हाताला लागला. तिने तो भिंतीतून उपटला.

अंधार झाला. घरघर मंदावत थांबली. साठ मुलांनी एका सुरात “ओऽऽ” केलं.

“वीज गेली,” किल्ली म्हणाली. इतक्या शांतपणे कशी म्हणाली, ते तिला पुढेही कधी सांगता आलं नाही. “सगळ्यांनी रांगेने मैदानात जायचं. मागची रांग आधी. बूट तिथेच राहू देत.”

“अहो, आत्ता कुठे सुरुवात…” मास्तर फणफणले. मग दाराचा उजेड आत आला आणि त्यांनी तिचा चेहरा बघितला. तिने यंत्राच्या वरच्या चाकाकडे बोट केलं. मास्तर वाकले, हुंगले आणि मटकन जमिनीवर बसले.

वर्ग रिकामा झाल्यावर किल्लीने फिल्म धरून ठेवली आणि काकांनी रीळ सोडवलं. तीस वर्षं ज्याला हात लावला नव्हता ते त्यांनी दोन्ही हातांवर तोलून घेतलं. दिव्यासमोरच्या खिडकीत कोऱ्या पट्ट्याचा शेवट होता. चार बोटं वर आत्याचा जोड, आणि जोडाच्या वर पहिली काळी फिल्म सुरू होत होती.

चिंगी मैदानातून आईला हाका मारत होती. किल्ली तिच्याकडे गेली आणि तिला एवढं घट्ट धरलं की ती रागावली.

“सिनेमा कुठाय?” तिने विचारलं.

७

दुपारी एकुलतं लॅबवाल्याच्या थंड पेटीत बंद होऊन लॅबकडे निघालं. नातू पेटीला हात लावून उभा राहिला, मग कुणाचा निरोप न घेता गेला. पोलीस आलेच नाहीत, त्यांना बोलावलंच नव्हतं. अग्निशमनवाले मात्र येऊन गेले, मॅडमना चार शब्द सुनावून गेले, आणि मॅडमनी ते मान खाली घालून ऐकून घेतले.

किल्लीकडे बघून मॅडम एवढंच म्हणाल्या, “सकाळी मी तुझ्या कमरेकडे बघितलं. नको होतं बघायला.” मग त्या आत्याकडे वळल्या. “वहीत ‘डब्यांची अदलाबदल’ एवढंच लिहा. शाळांच्या कानावर गेलं तर आपले वर्ग कायमचे बंद होतील.”

“शाळेला मी स्वतः जाऊन सांगणार आहे,” आत्या म्हणाली आणि तपासणीची वही उघडली. अक्षर वेडंवाकडं येत होतं, ओळ खाली घसरत होती. तिने लिहिलं ते किल्लीने तिच्या खांद्यावरून वाचलं. ‘चूक माझी. थंडीपासून वास येत नाही, डोळ्यांनी धड दिसत नाही. कुणाला सांगितलं नाही. माझ्या दोऱ्यावर यापुढे विश्वास ठेवू नये.’

खोलीत दोघीच उरल्यावर किल्ली म्हणाली, “गाठ चाचपलीस तेव्हाच तुला कळलं होतं.”

“मनात आलं होतं.” आत्याने टोपण बंद केलं. “आलं आणि मी ढकलून दिलं. वाटलं, चोर सापडू दे. कुणीही असू दे, पण चोर असू दे. सव्वा तास मी ही चूक घालायला दुसऱ्या कुणाचा तरी गळा शोधत बसले. चिंगी तिथे बसली होती आणि मी इथे माणसांना प्रश्न विचारत होते.”

किल्लीला राग आला होता, खूप आला होता. आणि ज्या बाईने तिला हुंगायला शिकवलं, ती समोर हात मांडीवर ठेवून बसली होती.

“का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर उद्यापासून इथे कशाला आले असते मी? खुर्च्या पुसायला?” तिने वही बाजूला सारली. “भीती वाटली गं मला. नुसती भीती.”

संध्याकाळी तिघी घरी बसल्या होत्या. चिंगी अजून धुसफुसत होती, तिच्या मते आईने भर वर्गात येऊन तिचं नाक कापलं होतं. मग धुसफूस विसरून ती आईच्या कुशीत शिरली आणि तिचा तळहात तोंडाजवळ घेतला.

“आई, तुझ्या हाताला कसला वास येतोय?” ती म्हणाली. “छान आहे. कपड्यांच्या पेटीसारखा.”

किल्लीने दोनदा साबण लावला होता. तरी होता.

“आत्याआजी, तूही बघ ना,” चिंगीने तो हात ओढून आत्याच्या नाकाशी नेला. “येतोय ना?”

आत्याने हात दोन्ही हातांत धरला. डोळे मिटून श्वास घेतला, एकदा, मग पुन्हा एकदा, खोल.

“नाही गं,” ती म्हणाली. “मला नाही येत.”

आणि चिंगी तिला तो वास कसा असतो ते समजावून सांगायला लागली.